पातं मिटेपर्यंत

रविवारी सासऱ्याकडे जेवायला निघताना बाझील रुदियेने सवयीने पँटच्या उजव्या खिशात हात घातला. हाताला किल्ल्या लागल्या, रुमाल लागला, आणि ओदेतने पंधरवड्यापूर्वी "आठवणीने घे" म्हणून दिलेली पित्ताची गोळी लागली. चाकू लागला नाही. त्याने डावा खिसा पाहिला, कोटाचे खिसे पाहिले, आणि त्या कोटाला जे खिसे कधी नव्हतेच तेही चाचपून पाहिले.

"चाकू हरवलास ना?" ओदेतने आरशातूनच विचारलं.

बायकोच्या या गुणाचा बाझीलला फार राग यायचा. त्याचा उभा जन्म विमा कंपनीत गेला होता, त्यामुळे हरवलेल्या वस्तूबद्दल बोलायची रीत त्याला ठाऊक होती. आधी वस्तूचं वर्णन. मग ती शेवटची कुठे पाहिली. सगळ्यात शेवटी मालकाचा हलगर्जीपणा. ओदेत पहिली दोन कलमं गाळून थेट तिसऱ्यावर यायची.

"हरवला नाही. सापडत नाहीये."

"बाबांना सांगून टाक."

"वेडी आहेस का तू?"

वेडेपणाच होता तो. रोशमूर गावात टोपी हरवली तर माणूस नवी घेतो, दात हरवला तर बसवून घेतो. चाकू हरवलेल्या माणसाची गत वेगळी. या गावात घरटी एकजण तरी पाती घडवणारा नाहीतर मुठी बसवणारा, आणि नदीच्या पाण्यावर इथे पिढ्यान्‌पिढ्या धारेचे दगड फिरले. त्यातून बाझील पडला शेजारच्या खोऱ्यातला. तिकडे लोक गाई पाळतात. लग्न होऊन डोक्यावरचे केस गेले तरी गावात त्याचं नाव 'विमेवाला' हेच होतं.

आणि हरवलेला चाकू साधासुधा नव्हता. लग्नाच्या आठवड्यात सासऱ्याने, म्हणजे मार्सियाल फायेने, एकाच बैलाच्या एकाच शिंगातून दोन मुठी काढून दोन चाकू केले होते, अगदी जुळे. एक स्वतःच्या खिशात टाकला, दुसरा जावयापुढे धरला आणि म्हणाला, "घे." बाझीलने रिवाजाप्रमाणे त्याच्या तळहातावर एक नाणं ठेवलं, कारण फुकट घेतलेला चाकू नातं कापतो. त्या 'घे'नंतर आजतागायत म्हाताऱ्याने त्याच्याबद्दल बरा असा दुसरा शब्द काढला नव्हता. एवढ्या वर्षांत त्या घरात बाझीलची म्हणून जी काही पत होती ती त्या एका शिंगाच्या मुठीत मावत होती.

चाकूशिवाय जेवायला जाण्याचीही सोय नव्हती. मार्सियालच्या टेबलावर ताटं मांडतात, काटे मांडतात, पेले मांडतात. चाकू कोणी मांडत नाही, तो ज्याचा त्याने आपल्या खिशातून काढायचा. घरातल्या थोरल्याने पातं उघडलं की जेवण सुरू, आणि थोरल्याने ते खट्‌कन मिटलं की जेवण संपलं. तोंडात असेल तो घास तुमचा. ताटात असेल तो कुत्र्याचा.

यात बाझीलचं एक जुनं दुखणं होतं. लहानपणी डॉक्टरांनी सांगितल्यापासून तो प्रत्येक घास नीट चावून खायचा. उलट मार्सियालने सारं आयुष्य नदीकाठच्या ओल्या फळीवर पालथं पडून धार लावण्यात काढलं होतं, पायांवर ऊब म्हणून कुत्रं झोपवून, आणि कुत्रं थंड व्हायच्या आत जेवण उरकायची सवय त्याला जी लागली ती लागलीच. सूप व्हायचं, मांस व्हायचं, सॅलडचा पाला व्हायचा, मग चीज यायचं. गवतावर पिकवलेलं, राखाडी सालीचं, आतून लोण्यासारखं सँ-नेक्तेर. म्हातारा पहिला तुकडा कापायचा, गिळायचा आणि खट्. बाझीलच्या ताटातलं सँ-नेक्तेर आजवर कुत्र्यांच्या तीन पिढ्यांनी खाल्लं होतं. ही गोष्ट त्याने कोणाजवळ बोलून दाखवली नव्हती. सांगणार तरी काय आणि कोणाला?

त्या रविवारी त्याने जाता जाता ड्रॉवरमधून लाल मुठीचा स्विस चाकू उचलला. बहिणीने कधीतरी जिनिव्हाहून आणलेला तो चाकू ओदेत खिळे उपटायला वापरायची. टेबलावर सगळ्यांनी आपापली पाती उघडली. बाझीलनेही उघडलं. आधी कात्री निघाली, मग करवत, मग भिंग. पातं निघेपर्यंत टेबलावर इतकी शांतता पसरली होती की कुत्रंसुद्धा उठून बसलं.

"हे काय आहे?" मार्सियालने विचारलं.

बाझील सरळ माणूस होता. खोटं बोलायचा सराव नसल्यामुळे तो गरजेपेक्षा फार मोठं खोटं बोलला.

"मी परीक्षण करतोय, बाबा. निरनिराळ्या देशांच्या, निरनिराळ्या कारागिरांच्या खिशातल्या चाकूंचं. नगरपालिकेच्या पत्रकात छापून यायचंय. निष्पक्षपाती. त्यामुळे सध्या आपला चाकू बाजूला ठेवलाय."

ओदेतने काटा खाली ठेवला आणि छताकडे पाहिलं.

म्हाताऱ्याने बराच वेळ जावयाकडे रोखून पाहिलं. आता 'माझा चाकू कुठाय' असं विचारणार, या भीतीने बाझीलच्या हातातलं भिंग आपोआप मिटलं. पण म्हाताऱ्याने तसं काही विचारलं नाही. "करा परीक्षण," एवढंच म्हणाला, भराभर जेवला आणि खट्‌कन पातं मिटलं. पुढे सबंध उन्हाळा गेला तरी त्याने तो प्रश्न एकदाही विचारला नाही. हे बाझील स्वतःच्या वक्तृत्वाचं यश समजत होता.

सोमवारी सकाळी पावाच्या दुकानातून ही बातमी नगराध्यक्षा मादाम देलमा यांच्यापर्यंत पोचली, आणि दुपारी त्या स्वतः बाझीलच्या फाटकात हजर झाल्या.

"मस्यू रुदिये, अहो काय सुंदर कल्पना! आणि आम्हाला पत्ता नाही! दर महिन्याला एक लेख. आणि सप्टेंबरच्या जत्रेत भर चौकात निकाल!"

"निकाल कशाला? मी आपला हौसेने..."

"वेळ कमी आहे. लागा कामाला."

बाझीलचा बेत साधा होता. परीक्षणाच्या आडोशाने चार-दोन आठवडे काढायचे आणि तेवढ्यात चाकू शोधायचा. त्याने गाडीच्या गाद्या उचकटल्या, कोंबड्यांचं खुराडं चाळून काढलं, खताच्या खड्ड्यात कोपरापर्यंत हात घातला. फक्त सासऱ्याच्या घरी त्याने विचारलं नाही. चाकू मागच्या रविवारी तिथेच राहिला असण्याचा संभव सगळ्यात जास्त होता, पण तिथे विचारणं म्हणजेच कबूल करणं. तेव्हा सापडण्यासारखी जी एक जागा होती ती सोडून त्याने सगळं गाव धुंडाळलं. गावात दुसरा करून घ्यायचीही सोय नव्हती. कोणाही कारागिराने ऐकताक्षणी हातातला हातोडा खाली ठेवून आधी मार्सियालचं घर गाठलं असतं.

इकडे सल्ले सुरू झाले. शेजारचा एवारिस्त हा निवृत्त न्हावी, त्यामुळे धारेच्या बाबतीत आपला शब्द अखेरचा, अशी त्याची समजूत होती.

"धार कशी बघायची, तर केसावर," तो कुंपणावरून म्हणाला. "हात इकडे कर."

"माझाच का?"

"परीक्षक कोण, तू का मी?"

एवारिस्तने त्याचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत तासून काढला. ही पद्धत गावाला आवडली. लोक सुट्टीवरून परतताना तिथले चाकू आणायला लागले, आणि जो तो चहाकॉफीच्या वेळी बाझीलला गाठून स्वतःची बाही वर करायचा. जुलै संपेपर्यंत रोशमूरच्या कॅफेत बसणाऱ्या यच्चयावत पुरुषांचे डावे हात गुळगुळीत झाले होते. डॉक्टरीणबाईंनी दोघातिघांना त्वचेच्या तपासणीला पाठवलं तेव्हा कुठे हा प्रकार आवरला.

पहिला लेख स्विस चाकूवर होता. 'या चाकूत कात्री, करवत, चिमटा, भिंग आणि दातकोरणं आहे. नेटाने शोध घेतल्यास चाकूही सापडतो. बूच काढण्याचे मळसूत्र मात्र उत्तम,' असं बाझीलने लिहिलं. त्या शेवटच्या वाक्याने घात केला. दुसऱ्या दिवसापासून पावाच्या दुकानात त्याला करपलेले पाव मिळायला लागले.

"अहो, हा काळा पडलाय," तो म्हणाला.

"मग स्विसांकडून आणा की," दुकानवाली म्हणाली आणि मागच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

जर्मन चाकूबरोबर आलेलं माहितीपत्रक चाकूपेक्षा जाड निघालं, म्हणून बाझीलने त्याच चाकूने ते कापून पाहिलं आणि तसं प्रामाणिकपणे नमूद केलं. इंग्लिश चाकू उघडताना त्याचं एक नख तुटलं आणि मिटताना दुसरं. सार्डिनियाचा धनगरी चाकू एवारिस्तने "बघू" म्हणून घेतला तो थेट अंगठ्यातच बघितला, आणि ते टाके त्याने पुढे कोणाला दाखवले तरी "हा बघा, याचा लेख," असंच म्हणायचा. स्पॅनिश चाकू उघडताना कर्र-कर्र-कर्र असा मोठा आवाज करायचा. तो उघडतो कसा ते पाहावं म्हणून बाझीलने पोस्टाच्या रांगेत उभ्या-उभ्या उघडला. त्याच्यापुढे रांग होती ती नाहीशी झाली. 'रांगेत वेळ वाचतो,' असं त्याने घरी येऊन टिपून ठेवलं. पण तेवढ्यात दारात पोलीस उभा राहिला.

हा जमादार नवा होता आणि उत्तरेकडचा होता.

"खिशात काय आहे?"

बाझीलने एकेक काढून टेबलावर मांडले. टेबल भरलं.

"चाकू जवळ बाळगायला कायद्याने योग्य कारण लागतं. तुमचं कारण काय?"

"साहेब, मी परीक्षक आहे."

"कारण विचारलं. हुद्दा नाही विचारला."

शेवटी मादाम देलमांनी मध्यस्थी केली. सॉसेज खाणे हे कायद्याला मान्य कारण आहे असा त्यांनी फोनवर अर्थ लावून दिला, आणि बाझीलला बजावलं की यापुढे जिथे चाकू तिथे सॉसेज हवंच. तेव्हापासून बाझील कोटाच्या आतल्या खिशात हातभर वाळलेलं सॉसेज घेऊन हिंडायला लागला. उन्हाळ्याचे दिवस, त्यातून लसूण घातलेलं सॉसेज. चर्चमध्ये त्याच्या बाकावर आजूबाजूला जागा रिकामी राहायची, आणि रस्त्यात मागून गावची कुत्री शिस्तीत चालायची. ज्या माणसाने एके काळी पुराच्या दाव्यांवर अंतिम सह्या केल्या होत्या त्याच्यावर ही वेळ आली. त्याला आतून फार वाईट वाटायचं, पण कुत्र्यांपुढे ते दाखवण्यात अर्थ नव्हता.

खरा घोळ जपानी चाकूने घातला. मादाम देलमांचं म्हणणं, जपानशिवाय परीक्षणाला काही वजन नाही. बाझीलने मागवला तर तो कस्टममध्ये अडकला. फोनवर एक बाई आल्या.

"मालाचं प्रयोजन?"

"सॉसेज कापणे."

"म्हणजे खाद्यपदार्थ. त्याची खिडकी वेगळी."

"अहो सॉसेज माझ्याकडे आहे. चाकू तुमच्याकडे आहे."

"पत्ता सांगा."

बाझीलने सांगितला. पलीकडे लेखणी आपटल्याचा आवाज आला.

"रोशमूर? तुम्ही रोशमूरला बसून जपानचा चाकू मागवताय?"

"परीक्षणासाठी, बाई."

"माझे आजोबा रोशमूरला नदीवर धार लावत होते. पालथं पडून त्यांची छाती गेली. आणि मी या कागदावर सही करू? शरम वाटते का काही?"

"वाटते," बाझील म्हणाला. ते खरंच होतं.

"नगरपालिकेचा दाखला आणा की गावात चाकूची गरज आहे. मग बघू."

हा विषय नगरपालिकेच्या सभेत आला. 'रोशमूर गावास चाकूची आवश्यकता असल्याचे प्रमाणित करण्यात येते' असा मसुदा वाचून झाल्यावर विरोधी पक्षाचे एक गृहस्थ उठले आणि आपल्या वडिलांचं नाव घेऊन रडले. दुसऱ्याने 'आवश्यकता' काढून 'कुतूहल' घाला अशी दुरुस्ती सुचवली. कुतूहलावर मतदान झालं आणि दाखला एका मताने मंजूर झाला. ते मत मादाम देलमांचं होतं. चाकू आला. साधी घडी केलेली पितळी पत्र्याची मूठ आणि पातं असं, की बाझीलने टोमॅटोवर नुसतं टेकवलं तर टोमॅटो आपण होऊन दोन झाला. बाझील बघतच राहिला. हे छापलं तर करपलेला पावही मिळायचा नाही, हे त्याला तिथल्या तिथे कळलं.

"आता तरी बाबांना सांग," ओदेत म्हणाली. "एका चाकूपायी तू आख्खं जग घरात आणलंस."

"जत्रा होऊ दे. मग सांगतो."

"जत्रेत तुला काय विचारणार आहेत ठाऊक आहे ना?"

त्याला ठाऊक नव्हतं. शेवटच्या पत्रकात मादाम देलमांनी मोठ्या अक्षरांत छापून टाकलं होतं. 'निकालाच्या वेळी जगभरचे चाकू एका बाजूला आणि आपल्या मार्सियाल फाये यांनी जावयासाठी स्वहस्ते घडवलेला चाकू एका बाजूला ठेवून, चौकातल्या सामुदायिक भोजनात सर्वांसमक्ष तुलना होईल.' बाझीलने ते दोनदा वाचलं आणि खिशातली ती जुनी पित्ताची गोळी घेतली.

जत्रेच्या दिवशी चौकात या टोकापासून त्या टोकापर्यंत टेबलं लागली. गावातला सगळ्यात थोरला कारागीर म्हणून मार्सियाल मधोमध बसला. म्हणजे आज सगळ्या गावाचं जेवण त्याच्या पात्यावर सुरू होणार आणि त्याच्याच पात्यावर संपणार. त्याच्या उजवीकडे पाहुणे म्हणून आलेले प्रांतसाहेब. त्यांना पुढे दुसऱ्या गावी पुलाचं उद्‌घाटन होतं, आणि ते घड्याळाकडे बघत होते. डावीकडे बाझील. त्याच्यापुढे कापडावर जगातले चाकू, शेजारी सॉसेज. बँडवाले चर्चच्या पायऱ्यांवर तयार बसलेले. मार्सियालने पातं उघडलं, आणि चौकभर पाती उघडल्याचा खटखटाट झाला.

सूप झालं, मांस झालं. मग चीज आलं. मार्सियालने सँ-नेक्तेरचा अख्खा गोल पुढे ओढला, पहिला तुकडा स्वतःला कापला, दुसरा कापून पात्याच्या टोकावर बाझीलच्या ताटात टाकला.

बाझीलने त्या तुकड्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिला.

कापलेल्या गुळगुळीत अंगावर एक रेघ उठली होती. दोऱ्याएवढी बारीक, उंच, सरळ. ही रेघ त्याच्या ओळखीची होती. दोन वर्षांपूर्वी कुंपण रंगवताना त्याने रंगाच्या डब्याचं झाकण सासऱ्याने दिलेल्या आपल्या चाकूने उचकटलं होतं, आणि पात्याला मोहरीएवढी खोच पडली होती. त्या दिवशी त्याने दार लावून घेऊन ती घासली होती, पण ती गेली नाही. तेव्हापासून त्याने कापलेल्या प्रत्येक चीजवर, प्रत्येक लोण्यावर ही रेघ उठायची, आणि कोणी बघायच्या आत तो ती खाऊन टाकायचा.

म्हणजे म्हाताऱ्याच्या हातात होता तो बाझीलचा चाकू होता. सबंध उन्हाळा, रविवारमागून रविवार, बाझीलचं जेवण बाझीलच्याच चाकूने मिटलं जात होतं.

त्याने मान वर केली. मार्सियालही चीजवरच्या रेघेकडे बघत होता. मग त्याने बाझीलकडे पाहिलं, आणि त्याचा रापलेला हात हळूच सरकून मुठीवर झाकण बसल्यासारखा बसला. तो हात थरथरत होता. हे बाझीलने आजवर कधी पाहिलं नव्हतं, कारण आजवर त्याने म्हाताऱ्याच्या हाताकडे तो खट्‌ कधी करतो एवढ्यापुरतंच पाहिलं होतं.

"आणि आता," मादाम देलमा ध्वनिक्षेपक घेऊन उभ्या राहिल्या, "निकालापूर्वी मस्यू रुदिये यांनी आपला, म्हणजे आपल्या मार्सियालकाकांच्या हातचा चाकू काढावा!"

टाळ्या झाल्या. ओदेतने डोळे मिटले. म्हाताऱ्याचा हात मुठीवरून हलला नाही, पण त्याची मान खाली गेली. कारागीर लोकांत स्वतःचा चाकू हरवून जावयाचा वापरणारा म्हातारा म्हणजे काय, हे त्या चौकात सगळ्यांत जास्त त्यालाच ठाऊक होतं.

बाझीलला एवढंच म्हणायचं होतं, 'तो बघा, तिथे आहे.' चार शब्द. त्यात त्याची इभ्रत परत मिळत होती, करपलेले पाव बंद होत होते, आणि एवढ्या वर्षांच्या सँ-नेक्तेरचा हिशेब चुकता होत होता. तो उठून उभा राहिला.

"वस्तूचं वर्णन," तो ध्वनिक्षेपकात म्हणाला, "शिंगाची मूठ, उत्तम पातं. याहून चांगला चाकू जगात नाही, हे मी परीक्षणाअंती सांगतो. शेवटचा कुठे पाहिला, ते आठवत नाही. तो हरवलाय. वसंतातच हरवलाय. हलगर्जीपणा माझा."

आणि तो खाली बसला.

चौकात जो गलका उठला तो उठला. "हरवला? फायेच्या हातचा?" "शेवटी गाईंच्या मुलखातला तो!" एवारिस्तने टाके घातलेला अंगठा उंच धरला आणि म्हणाला, "मला ठाऊक होतं. याच्या हातात सॉसेजच ठीक." पाववाली उठून उभी राहिली आणि तशीच खाली बसली, कारण याला पुरेल एवढा करपलेला पाव तिच्या भट्टीत निघत नव्हता. बाझीलचे कान तापले. त्याला लाज वाटली आणि बरंही वाटलं. दोन्ही एकदम वाटण्याची ही त्याची पहिलीच वेळ होती, त्यामुळे त्याने नुसतं ताटाकडे बघितलं.

"माझा नदीत गेला," शेजारून अगदी हलका आवाज आला. मार्सियाल ओठ न हलवता बोलत होता. "मासा साफ करत होतो. निसटला. हात धरत नाही आता."

"मला सांगायचंत, बाबा."

"तू सांगितलंस?"

बाझीलने पुढ्यातलं सॉसेज इकडचं तिकडे सरकवलं.

"तुझा टेबलाखाली सापडला. कुत्रं मूठ चाटत होतं. दुसरा आता माझ्याने होत नाही." म्हाताऱ्याने मुठीवरून अंगठा फिरवला. "परत देणार होतो."

"कधी?"

"मेल्यावर."

बाझीलने मान डोलावली. ते रास्त होतं.

"आणि पात्याला खोच कशाने पाडलीस?"

"रंगाचा डबा उघडला."

"गाढव," मार्सियाल म्हणाला. मग त्याने कापडावरच्या चाकूंकडे हनुवटीने खूण केली. "तो जपानी चालतो कसा?"

"फार छान चालतो, बाबा."

"बघितला मी. पातं बरं आहे. मूठ भिकार."

"तुमच्याजवळचा तुमच्याकडेच राहू द्या," बाझील म्हणाला. "मी हा वापरीन."

मार्सियालने कोटाच्या खिशात हात घालून बराच वेळ चाचपलं. मग त्याने एक नाणं काढलं आणि बाझीलच्या ताटाशेजारी, टेबलक्लॉथवर, बोटाने दाबून ठेवलं. आजूबाजूला गलका चालूच होता. ते नाणं कोणी पाहिलं नाही. ओदेतने पाहिलं, आणि ती रुमालात नाक शिंकरायला लागली.

"प्रांतसाहेबांना निघायचंय," मादाम देलमा पाठीमागून वाकून म्हणाल्या. "काका, मिटताय ना पातं? बँड थांबलाय. भाषण राहिलंय."

सगळ्या चौकाचे डोळे मार्सियालच्या हाताकडे लागले. प्रांतसाहेब खुर्चीतून अर्धे उठले होते आणि अर्धेच राहिले. ढोलवाल्याने काठी वर धरली.

मार्सियालने चाकू उचलला. पातं पँटला पुसलं. आणि उघडाच, धार आत करून, ताटाशेजारी ठेवून दिला.

"जावई जेवतोय," तो म्हणाला. "नीट चावून खातो तो."

बाझीलने जपानी चाकूने रेघेवरचा तुकडा कापला, तोंडात घातला आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे चावायला सुरुवात केली. सबंध गाव बसून होतं. तो तुकडा संपल्यावर त्याने मार्सियालकडे पाहिलं. मार्सियालने सँ-नेक्तेरचा गोल त्याच्याकडे सरकवला, आणि बाझीलने आणखी एक तुकडा घेतला.